जुना चेंबर शोधताना: मराठवाड्यातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर फुटला की आपल्याकडे दोन प्रश्न लगेच येतात: जुना मिळेल का, आणि कितीला? तिसरा प्रश्न म्हणजे तो माझ्या गाडीला बसेल का. हा बहुतेक वेळा पैसे देऊन झाल्यावर, गाडी रॅम्पवर चढल्यावर पुढे येतो. सुटे भाग शोधून देण्याच्या कामात बीड, जालना, परभणी, लातूर, नांदेडकडून जे फोन येतात, त्यांतले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं कार, जीप आणि एमयूव्हीसाठी आहेत. ट्रॅक्टर-ट्रकचं गणित वेगळं.

खालून दगड लागला, ऑइल गळतंय. हळूहळू गावापर्यंत नेऊ का?

नाही. इंजिन तिथेच बंद करा.

लहान पेट्रोल गाडीच्या इंजिनात सगळं मिळून साधारण ३ लिटर ऑइल असतं. चेंबरला बोटभर चीर पडली तरी ते काही मिनिटांत रस्त्यावर येतं. चेंबरमधली, पंपासाठी ऑइल ओढणारी जाळी ऑइलऐवजी हवा ओढायला लागली की क्रँकच्या बेअरिंगना वंगण मिळत नाही, आणि धातूवर धातू घासून इंजिन जाम होतं. डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा ऑइल कमी झाल्याची आगाऊ सूचना देत नाही, दाब गेल्याचं सांगतो. म्हणजे तो पेटला तेव्हा नुकसान सुरू झालेलं असू शकतं. "पाच किलोमीटर तर राहिलं होतं" हे वाक्य सांगणाऱ्याला चेंबर नाही, अर्धं इंजिन घ्यावं लागलेलं असतं. टोचन करा, पिकअपवर टाकून आणा, रात्रभर ओळखीच्या ढाब्यावर उभी करा. पण चालवू नका.

वरून ऑइल ओतत ओतत गाडी आणतात, तेही नको. गळती किती आहे हे चालत्या गाडीत कळत नाही, आणि गळणारं ऑइल तापलेल्या सायलेन्सरवर पडलं तर आग लागू शकते.

गळती चेंबरचीच आहे हे कशावरून ओळखायचं?

ऑइल नेहमी खाली उतरतं. त्यामुळे वरच्या टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, गॅस्केट गेलं तरी थेंब चेंबरच्या टोकावरूनच पडतो आणि दोष चेंबरवर येतो. ऑइल फिल्टर नीट आवळलेला नसेल, ड्रेन बोल्टचा वायसर दबलेला असेल, क्रँकचं मागचं सील गेलं असेल, तरी तसंच दिसतं.

दगड लागल्याची खूण किंवा चीर उघड दिसत असेल तर तपासायला काही उरलंच नाही. खूण नसेल आणि गळती थेंबाथेंबाची असेल, तर आधी इंजिनातल्या मापाच्या पट्टीवर (डिपस्टिकवर) ऑइलची पातळी बघून घ्या. मग चेंबर आणि इंजिनाचा खालचा भाग डिझेलने धुऊन, पुसून कोरडा करा, त्यावर टाल्कम पावडर मारा, जागेवर इंजिन थोडा वेळ चालू ठेवा आणि टॉर्च मारून बघा. पावडर जिथे आधी काळी पडते तिथून गळती. इतकं न करता थेट जुना चेंबर शोधायला निघालात तर चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची.

आपल्याच भागात चेंबर इतके का फुटतात?

काळ्या मातीत पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडतात. मधला उंचवटा उन्हाळ्यात वाळून दगडासारखा होतो. चारचाकीची चाकं चाकोरीत उतरली की उंचवटा नेमका चेंबरखाली येतो. शेतातल्या लग्नाला किंवा जत्रेला पाच माणसं आणि सामान भरून गेलेली गाडी आधीच दबलेली असते. मग जे व्हायचं ते होतं.

दुसरं कारण ऊस वाहतूक. चढावर ट्रॉली थांबली की चाकामागे दगड लावतात, आणि निघताना तो तिथेच रस्त्यात राहतो. बीड, धाराशिव, लातूर, परभणी पट्ट्यात साखर कारखाने सुरू असतात त्या महिन्यांत रात्रीचे हे दगड समोरच्या लाईटच्या झोतात दिसतही नाहीत. ट्रॉलीवाल्या भावांना हात जोडून सांगणं आहे, निघताना तो दगड पायाने का होईना कडेला सारा. त्या एका दगडापायी कुणाची तरी अख्खी गाडी बसते.

उरलेलं काम गल्लीबोळात मनाला येईल तसे उंच घातलेले गतिरोधक करतात.

वेल्डिंग करून भागत नाही का?

चेंबर कशाचा आहे आणि कुठे फुटलाय, यावर ठरतं. आधी चुंबक लावून बघा. चिकटला तर पत्र्याचा, नाही चिकटला तर ॲल्युमिनियमचा.

पत्र्याचा चेंबर सहसा फुटत नाही, चेपतो. चेपलेला चेंबर गळत नाही म्हणून लोक तसाच ठेवतात आणि ते जास्त घातक आहे. तळ वर आला की ऑइल ओढणाऱ्या जाळीखालची फट कमी होते, आणि इंजिनला ऑइल अपुरं मिळतं. गळती नाही, तरी इंजिन हळूहळू मरतं. पत्र्याचा चेंबर काढून, ठोकून सरळ करून, गरज पडली तर वेल्ड करून परत बसवता येतो. चांगल्या मिस्त्रीच्या हातचं हे काम टिकतं.

ॲल्युमिनियमच्या चेंबरला तडा जातो. त्याला आर्गन वेल्डिंगच लागतं. संभाजीनगरला वाळूज, चिकलठाण्याच्या बाजूला ते करणारे हात आहेत, इतर जिल्ह्यांच्या एमआयडीसीतही विचारून मिळतात. अडचण अशी की बरीच वर्षं ऑइल मुरलेल्या ओतीव ॲल्युमिनियमवर वेल्ड करताना आतलं ऑइल जळून वर येतं आणि टाक्यात बारीक छिद्रं राहतात. नीट धुऊन, तापवून, तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून केलं तर जमतं. तडा तळाला असेल तर वेल्डिंग जरूर करून बघा. तडा फ्लँजवर, म्हणजे इंजिनला चिकटणाऱ्या कडेवर असेल, किंवा गिअरबॉक्सचे बोल्ट जिथे येतात त्या कानावर असेल, तर वेल्डिंगवर पैसे घालू नका. उष्णतेने कड वाकते आणि मग कितीही सिलिकॉन लावा, गळती राहतेच.

एम-सील आणि तत्सम लेप रात्र काढण्यापुरते ठीक. त्यावर गाडी महिनोन् महिने चालवणारे आहेत; मी कुणालाही तसं सांगणार नाही.

जुनाच घ्यावा की नवा?

आधी नव्याचा भाव विचारा. हे सांगावं लागतं, कारण बहुतेक लोक नवा महागच असणार असं धरून चालतात. रस्त्यावर भरपूर असलेल्या लहान गाड्यांचा पत्र्याचा चेंबर नवा ओरिजिनल घेणंही बऱ्याचदा आवाक्यात असतं. तिथे जुन्यासाठी चार फोन, एक खेप आणि पार्सलचं भाडं धरलं तर काहीच वाचत नाही.

जुन्याचा विचार कुठे करायचा? ॲल्युमिनियमचा ओतीव चेंबर असलेल्या गाड्यांत, ज्या गाड्या बंद झाल्यात किंवा ज्यांच्या कंपनीने इथलं दुकान आवरलं त्यांच्यात (शेवरोलेच्या गाड्यांची विक्री भारतात २०१७ च्या शेवटी थांबली, फिएटची त्यानंतर), आणि एजन्सीत भाग मागवायला आठवडे लागत असतील तेव्हा. माझा ठोकताळा सांगतो: जुन्याचा भाव नव्या ओरिजिनलच्या निम्म्यावर जात असेल तर नवाच घ्या.

लोकल मेकचे नवे चेंबरही मिळतात. पत्र्याचे काही बरे असतात. पण त्यात आतली आडवी पट्टी, म्हणजे वळणावर आणि ब्रेकवर ऑइल एका बाजूला पळू नये म्हणून लावलेला बॅफल, आहे का हे आधी बघा. तो नसलेला चेंबर घेऊ नका, मग तो कितीही चकचकीत असो. त्यापेक्षा जुना ओरिजिनल केव्हाही चांगला.

माझ्या गाडीला कोणता बसेल हे नक्की कसं ठरवायचं?

गाडीच्या नावावरून ठरवू नका. "स्विफ्टचा चेंबर आहे का?" या प्रश्नाला दुकानदार "आहे" म्हणणारच, आणि तो खोटंही बोलत नसेल. पण स्विफ्ट पेट्रोल आहे की डिझेल, कोणत्या सालची, कोणत्या इंजिनाची, यावर चेंबर बदलतो. नाव एकच ठेवून कंपन्या आतलं इंजिन बदलत राहतात. धुराच्या नियमांत १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. त्या दोन्ही तारखांच्या आसपास बऱ्याच गाड्यांची इंजिनं बदलली, काहींची बंदच झाली.

पहिला आधार पार्ट नंबरचा. गाडीचा १७ अक्षरांचा चॅसी नंबर आरसीवर असतो, तो एजन्सीच्या स्पेअर काउंटरला दिला की तिथला माणूस संगणकावर चेंबरचा नंबर काढून देतो. चॅसी नंबर उतरवताना एक लक्षात ठेवा: त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत. जे दिसतं ते एक किंवा शून्य समजा. मारुतीचा नंबर बहुतेक वेळा एमए३ ने, ह्युंदाईचा एमएएल ने, टाटाचा एमएटी ने, महिंद्राचा एमए१ ने सुरू होतो. पार्ट नंबरचे पहिले आकडे भाग कोणता ते सांगतात. मारुती-सुझुकीत ऑइल पॅन ११५१० ने सुरू होतो, ह्युंदाईत २१५१० ने, होंडात ११२०० ने. पुढचे आकडे कोणत्या इंजिनाचा ते सांगतात, आणि जुळवायचे असतात ते हेच. नेटवर शोधताना चेंबर म्हणून काही सापडणार नाही. ऑइल पॅन किंवा ऑइल सम्प असं टाका.

दुसरा आधार चेंबरवरच ओतलेला किंवा ठोकलेला नंबर. ॲल्युमिनियमच्या चेंबरवर तो बाहेरून उठावाने असतो. चिखल-ऑइलच्या थराखाली असतो, तारेच्या ब्रशने घासून काढा. हा साच्याचा नंबर असल्याने पार्ट नंबरशी तंतोतंत जुळेलच असं नाही, पण तुमच्या फुटलेल्या आणि दुकानातल्या चेंबरवर तोच असेल तर अर्धी चिंता मिटली.

तिसरा आधार सगळ्यांत भरवशाचा: फुटलेला चेंबर सोबत न्या. गाडी फिटरकडे खोलून ठेवा, चेंबर धुऊन पोत्यात गुंडाळा आणि दुकानात न्या. आणलेला भाग हातात येऊन, जुळून, गाडीला बसेपर्यंत फुटलेला भंगारात देऊ नका. फिटर घाईने विकून टाकतात, त्यांना आधीच बजावून ठेवा.

इंजिन तेच असेल तर दुसऱ्या गाडीचा चेंबर चालेल ना?

चालेल किंवा नाही चालणार. इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फिएटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन घ्या. मारुतीने ते डीडीआयएस नावाने स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एर्टिगात वापरलं, टाटाने क्वाड्राजेट म्हणून व्हिस्टा आणि मांझात, फिएटने मल्टिजेट म्हणून पुंटो, लिनियात. रेनॉचं १.५ लिटरचं डिझेल इंजिन डस्टरमध्ये होतं, निसानच्या टेरानो आणि सनीतही, महिंद्राच्या व्हेरिटोतही. इंजिनाचा ब्लॉक एक, म्हणून बोल्टची भोकं जुळण्याची शक्यता मोठी. पण चेंबर फक्त ब्लॉकला बसून भागत नाही. त्याला गाडीतही बसावं लागतं. एका गाडीत खालचा क्रॉस मेंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची आडवी दांडी, पुढे असतो, दुसरीत मागे, त्याप्रमाणे चेंबरचा खोलगट भाग सरकवलेला असतो. एकीत सायलेन्सरचा पाइप शेजारून जातो, एकीत ॲक्सलचा ब्रॅकेट चेंबरलाच धरलेला असतो. टर्बोचं ऑइल परत येण्याची वाट काही इंजिनांत चेंबरमध्येच उतरते. एखाद्या मॉडेलला ऑइल पातळीच्या सेन्सरचं भोक असतं, त्याच इंजिनाच्या दुसऱ्या मॉडेलला नसतं. टू-व्हील आणि फोर-व्हील ड्राइव्हमध्येही आकार बदलू शकतो.

आणि खोली. अंबाजोगाईकडची एक गाडी होती. तिच्या मालकाने त्याच इंजिनाच्या दुसऱ्या मॉडेलचा चेंबर आणला होता. दोन्ही पालथे घालून एकावर एक ठेवले तर सगळी भोकं जुळत होती, ड्रेन बोल्टही त्याच बाजूला. फिटर बसवायला निघालाच होता. मग फ्लँजवर पट्टी आडवी ठेवून तळापर्यंत फुटपट्टी सोडली, आणि आणलेला चेंबर जवळजवळ सेंटिमीटरभर जास्त खोल निघाला. तो बसला असता, गळलाही नसता. पण जाळी तळापासून उंच राहिली असती, आणि घाटात चढाला किंवा पातळी थोडी उतरली की तिने हवा ओढली असती. उलट चेंबर कमी खोल असता तर जाळी तळाला टेकली असती.

म्हणून खोली मोजा. तुमचा मूळ चेंबर चेपला असेल तर न चेपलेल्या जागी मोजा. शंका राहिली तर कणकेचा छोटा गोळा प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून जाळीच्या तोंडाखाली येईल असा चेंबरच्या तळाला ठेवा, चेंबर दोन-चार बोल्टवर हलका लावा आणि परत काढा. गोळा जेवढा जाड उरला तेवढी फट. ओरिजिनल चेंबरने हीच परीक्षा आधी करून ठेवली असेल तर तुलना करायला दोन मापं हातात येतात.

काही इंजिनांत चेंबर दोन तुकड्यांचा असतो: वर ॲल्युमिनियमची चौकट, खाली पत्र्याचं भांडं. खालचं भांडंच फुटलं असेल तर तेवढंच शोधा.

मिळतो कुठे?

आधी आपल्याच जिल्ह्यातल्या कटिंगवाल्यांकडे, म्हणजे गाड्या कापून भाग विकणाऱ्यांकडे, बघा. अपघातात पुढून ठोकलेल्या गाड्यांचे चेंबर बऱ्याचदा शाबूत असतात. पण पत्र्याचे चेंबर तिथे फार दिवस राहत नाहीत. जालन्याला सळई करणाऱ्या कारखान्यांच्या भट्ट्या आहेत आणि मराठवाड्यातलं लोखंडी भंगार तिकडे लवकर सरकतं. कटिंगवाल्याला मॉडेल आणि नंबर सांगून ठेवा, गाडी कापायला आली की तो फोन करतो.

तिथे नाही मिळाला तर संभाजीनगर, मग पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईत कुर्ला. नांदेड, देगलूर, उदगीरकडच्या लोकांना हैदराबाद जवळ पडतं, आणि तिथला बाजार मोठा आहे. पार्सल ट्रॅव्हल्सच्या बसने किंवा ट्रान्सपोर्टने येतं. बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो मागून घ्या. ॲल्युमिनियमचा चेंबर असेल तर लाकडी पट्ट्यांत किंवा जाड पुठ्ठ्यात बांधायला सांगा. नुसत्या गोणीत घातलेला चेंबर फेकाफेकीत कोपऱ्याला फुटून आला, तर दुष्काळात तेरावा महिना.

लांबच्या दुकानदाराला फोनवर काय विचारायचं?

फोटो मागा, पण दुकानदाराला सोयीचा एक नको. फ्लँजचा वरून सपाट फोटो हवा, सगळी भोकं मोजता येतील असा. आतला फोटो हवा, बाहेरचा तळाचा हवा, ड्रेन बोल्ट काढून आट्यांचा हवा आणि नंबरचा जवळून हवा. एका फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवायला सांगा. तुमच्या फुटलेल्या चेंबरचेही त्याच कोनातून फोटो त्याला पाठवा. चांगला दुकानदार ते बघून स्वतःच सांगतो, "दादा, हा तुमचा नाही." असा माणूस सापडला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

पैसे पाठवण्याआधी एक गोष्ट लिहून घ्या: बसला नाही तर परत घेणार का, आणि परतीचं भाडं कुणाचं. व्हॉट्सॲपवर "हो" आलं तरी पुरे.

दुकानात हातात घेतल्यावर काय तपासायचं?

रंग मारलेला चेंबर दिसला की थांबा. रंगाखाली वेल्ड, लेप किंवा गंज असू शकतो. नखाने किंवा चावीने खरवडून बघा. दुकानदार रागावला तर दुसरं दुकान.

फ्लँज काचेच्या तुकड्यावर किंवा फरशीच्या सपाट तुकड्यावर पालथा ठेवा आणि चारही कोपरे आळीपाळीने दाबा. डुगडुगला तर वाकलेला आहे. पत्र्याच्या चेंबरची बोल्टच्या भोकांभोवतीची कड जास्त आवळल्याने खाली गेलेली असते. ती हातोडीने सपाट करता येते. ॲल्युमिनियमची वाकलेली कड सरळ होत नाही.

ड्रेन बोल्ट हाताने पूर्ण आत घालून बघा. बऱ्याच गाड्यांना एम १४ × १.५ चा (१४ मिलिमीटर जाड, आट्यांत १.५ मिलिमीटर अंतर) असतो, टोयोटाच्या बऱ्याच इंजिनांना एम १२ × १.२५ चा. हाताने शेवटपर्यंत सहज गेला पाहिजे. मध्येच अडकला किंवा हलायला लागला तर आटे गेलेत. नवे आटे पाडून घेता येतात, पण मग भाव त्या हिशेबाने कमी करून घ्या.

तडा शोधायची जुनी पद्धत अजूनही सर्वांत चांगली आहे. चेंबर आतून-बाहेरून धुऊन कोरडा करा. बाहेरून खडू पाण्यात कालवून लावा आणि वाळू द्या. मग तो सरळ ठेवून आत रॉकेल, ते नसेल तर डिझेल, भरा आणि रात्रभर ठेवा. डोळ्याला न दिसणारी चीर असेल तर सकाळी पांढऱ्या खडूवर काळसर ओली रेघ उमटलेली असते. दुकानात हे करता येणार नाही, पण बसवण्याआधी घरी जरूर करा. एकदा बसवून, ऑइल भरून गळायला लागलं की मजुरी, सिलिकॉन, ऑइल सगळं दुसऱ्यांदा.

आत चमकणारा भुगा सापडला. घ्यावा का?

ज्या इंजिनाखालून तो निघाला त्याची बेअरिंग बहुधा गेली होती. चेंबर घ्यायला हरकत नाही, बॅफलच्या मागे साचलेलं काढून दोन-तीनदा धुऊन घ्या. त्या इंजिनाची जाळी आणि ऑइल पंप मात्र फुकट दिला तरी घेऊ नका.

जुना भाग घेणं कायद्याने बरोबर आहे का? बिल लागतं का?

जुना भाग विकणं-घेणं गुन्हा नाही. चोरीच्या गाडीचा भाग आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून घेणं हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली येतो. म्हणून बिल घ्या, साध्या कच्च्या पावतीवर का होईना दुकानाचं नाव, तारीख, भाग आणि कोणत्या गाडीचा ते लिहून घ्या. केंद्राने २०२१ मध्ये नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रांचे नियम आणले. अशा केंद्रातून निघालेल्या भागाला कागदाचा आधार असतो. चेंबरवर इंजिन नंबर नसतो, त्यामुळे आरटीओत काही नोंदवावं लागत नाही.

बसवताना फिटरला काय सांगायचं?

गॅस्केट असेल तर नवं घाला. बऱ्याच नव्या इंजिनांना गॅस्केट नसतं, नुसतं सिलिकॉन असतं. ते ऑइल सहन करणारं, इंजिनासाठीचंच हवं. जुनं सिलिकॉन दोन्ही बाजूंनी पूर्ण काढून, पेट्रोलने किंवा थिनरने पुसून, कोरडं करून नवी सलग बारीक रेघ बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने फिरवायची. "जास्त लावलं म्हणजे जास्त पक्कं" ही समजूत घातक आहे. आत दाबलं गेलेलं सिलिकॉन तुटून ऑइलमध्ये पडतं आणि जाळीत जाऊन बसतं. ब्लॉक आणि चेन कव्हरच्या सांध्यावर मात्र एक-एक ठिपका जास्त हवा, गळती तिथूनच सुरू होते.

चेंबरचे बोल्ट बहुतेक एम ६ चे, दहाच्या पान्याचे. त्यांना साधारण १० न्यूटन मीटर पुरतात, म्हणजे लहान पान्याने मनगटाचा जोर. मधून सुरुवात करून आलटून-पालटून, दोन फेऱ्यांत आवळायचे. लांब दांड्याने आवळलेला बोल्ट ॲल्युमिनियमचे आटे घेऊन बाहेर येतो.

जाळीच्या पाइपला रबरी रिंग असते, ती बदला. ती चिरलेली असेल तर चेंबर ठणठणीत असूनही पंप हवा ओढतो. ड्रेन बोल्टचा वायसर नवा, ऑइल फिल्टर नवा. सिलिकॉनच्या ट्यूबवर जितका वेळ लिहिला असेल तितका थांबून मगच ऑइल भरा. संध्याकाळी गाडी हवीच म्हणून फिटरच्या मागे लागू नका. पहिल्यांदा चालू केल्यावर ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद करा.

इन्शुरन्समधून मिळेल का?

फुल इन्शुरन्स असेल तर खालून दगड लागून फुटलेला चेंबर अपघाती नुकसानीत येतो. पण फुटल्यावर गाडी चालवली आणि इंजिन जाम झालं, तर ते नंतरचं, टाळता येण्यासारखं नुकसान म्हणून सहसा नाकारतात. इंजिनाचं जादा कव्हर घेतलं असेल तर त्याच्या अटी वाचा. धातूच्या भागांवर घसारा गाडीच्या वयाप्रमाणे कापतात: ५ ते १० वर्षांच्या गाडीला ४० टक्के, १० वर्षांवर ५० टक्के. क्लेम करायचा असेल तर सर्व्हेअरने बघेपर्यंत चेंबर खोलू नका, फोटो काढून ठेवा, आणि जुन्या भागाचा विषय सोडा; तिथे नव्याचं पक्कं बिलच लागतं. लहान गाडीच्या पत्र्याच्या चेंबरसाठी क्लेम करून नो-क्लेम बोनस घालवण्यात बऱ्याचदा तोटा असतो, तो हिशेब आधी मांडा.

पुन्हा फुटू नये म्हणून गार्ड लावावा का?

आपल्या रस्त्यांवर लावाच. तुमच्या मॉडेलसाठीच बनवलेला, क्रॉस मेंबरला बोल्टने बसणारा घ्या. चेंबरला किंवा नुसत्या प्लॅस्टिकला अडकवलेला नको. गार्ड आणि चेंबर यांत फट हवी. चिकटून असेल तर दगडाचा धक्का थेट चेंबरला पोचतो. ड्रेन बोल्ट आणि फिल्टरखाली भोक हवं, नाहीतर ऑइल बदलणारा माणूस गार्ड काढतो आणि दोन बोल्ट कमी लावून बसवतो. पावसाळ्यात काळी माती गार्डवर साचून घट्ट होते, पाण्याचा जोरदार फवारा आतून मारून ती काढत जा. गार्ड लावल्यावर जमिनीपासूनची उंची थोडी कमी होते, हेही लक्षात असू द्या.

फुटलेल्या चेंबरचं आणि निघालेल्या ऑइलचं काय करू?

ॲल्युमिनियमचा चेंबर लोखंडी भंगारात मिसळून देऊ नका. वेगळा तोलून घ्यायला सांगा, त्याचा भाव लोखंडापेक्षा बराच जास्त असतो. जळकं ऑइल वाळवीसाठी खांबाला, दाराच्या चौकटीला लावण्याची गावाकडे सवय आहे, आणि उरलेलं बांधावर ओततात. बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका, ते पाण्यात उतरतं. कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या. तिथे पिंपात साठवतात आणि जुनं ऑइल घेणारे येऊन ते विकत नेतात.